श्रवणाच्या शेजारी तारेच नाहीत! सेन्सरवर धूळ की आकाशात भोक?

निशाचर:
मंडळी नमस्कार, इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

परवा रात्री चंद्र नव्हता म्हणून बऱ्यापैकी अंधाऱ्या जागी जाऊन आकाशगंगेचे फोटो काढले, १३५ एमएम लेन्स, छोटा ट्रॅकर, एकेक मिनिटाच्या ४० फ्रेम्स, घरी येऊन स्टॅक केल्या. श्रवणाचा तारा फ्रेमच्या साधारण मधे आहे. आणि त्याच्या बाजूला, जरा पश्चिमेला, एक काळा डाग! डाग म्हणजे असा तसा नाही, दोन-तीन आडव्या दांड्या आणि त्यांना जोडणारी उभी, जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढा. आजूबाजूला तारे नुसते पसरलेत आणि तिथे काहीच नाही. आधी वाटलं सेन्सरवर धूळ बसली असेल, ब्लोअर मारला, काल रात्री परत जाऊन कॅमेरा आडवा करून काढला तर डाग ताऱ्यांबरोबर फिरला, म्हणजे कॅमेऱ्यातला नाही. मग आहे काय तिथे? का काहीच नाहीये? घरी दाखवला तर उत्तर आलं की एवढ्या रात्री जागून अंधाराचाच फोटो काढलास होय.

काजवा:
अभिनंदन, तुम्ही बार्नार्डचा 'ई' पकडलात 😀 त्या दांड्या इंग्रजी ई अक्षरासारख्या दिसतात म्हणून हे नाव. कॅटलॉगात तो बी १४२ आणि बी १४३ असा दोन तुकड्यांत आहे. आणि कॅमेरा फिरवून बघितलात ते एकदम योग्य केलंत, लोक डायरेक्ट सेन्सर पुसायला घेतात.

दुर्बीणवाला:
निशाचर, पहिल्याच धाग्यात तुम्ही दीडशे वर्षांच्या भांडणाला हात घातलाय!

अठराव्या शतकातला खगोलनिरीक्षक विल्यम हर्शेल दुर्बिणीने आकाश झाडत असताना वृश्चिकेच्या भागात अशाच एका रिकाम्या जागी आला आणि 'इथे तर आकाशात खरंच भोक आहे' असं काहीसं बोलून गेला, त्याची बहीण कॅरोलिन हिने म्हातारपणी पत्रात ती आठवण लिहिली आहे. त्याला वाटायचं की तारे गुरुत्वाकर्षणाने एकेका ठिकाणी गोळा झाले आणि मागे मोकळी जागा उरली. त्या काळाच्या मानाने अजिबात वेडगळ कल्पना नव्हे.

मग आला एडवर्ड बार्नार्ड. हा माणूस लहानपणापासून फोटो स्टुडिओत कामाला होता, त्यामुळे निगेटिव्हवर हात बसलेला. १९०५ साली माउंट विल्सनवर त्याने आकाशगंगेचे तासन्‌तास एक्स्पोजरचे फोटो काढले आणि त्यात हे काळे डाग शेकड्याने दिसायला लागले. गंमत म्हणजे बरीच वर्षं त्याचं स्वतःचंच ठरत नव्हतं, भोक की ढग. नंतर त्याने लिहिलंय की एका रात्री धनु राशीतल्या दाट ताऱ्यांसमोर आपल्या पृथ्वीवरच्याच ढगांचे बारके बारके पुंजके तरंगत होते आणि ते हुबेहूब त्याच्या फोटोतल्या डागांसारखे दिसत होते. म्हणजे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर! १९१९ मध्ये त्याने १८२ काळ्या खुणांची यादी छापली. तो १९२३ ला गेला, फोटोंचा मोठा अ‍ॅटलास त्याच्या माघारी १९२७ मध्ये निघाला, भाची मेरी कॅल्व्हर्ट हिने पुष्कळ काम पूर्ण केलं त्यातलं.

मृगातला प्रसिद्ध अश्वशीर्ष, घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा ढग, म्हणजे याच यादीतला बी ३३. तो मात्र आधी १८८८ साली विल्यमिना फ्लेमिंगला हार्वर्डच्या काचेच्या प्लेटवर दिसला होता.

मूषक_७:
वाखुसा (वाचनखूण साठवली).

शंकासुर:
सगळं छान. पण बार्नार्डला ढग वाटला म्हणून तो ढग झाला का? माझा सरळ प्रश्न आहे, तारे नसलेली जागा आणि तारे झाकलेली जागा, फोटोत दोन्ही काळीच दिसणार. तुम्हाला कळतं कसं? मी विरोधासाठी विरोध करत नाहीये, ह.घ्या., पण हे पटवून द्या.

भौतिकीवाली:
शंकासुर, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर नुसतं विचार करूनसुद्धा मिळतं. आकाशगंगेत त्या दिशेला तारे एका पातळ पडद्यावर चिकटवलेले नाहीत, हजारो प्रकाशवर्षं एकामागे एक आहेत. म्हणजे भोक हवं असेल तर ते भोक नाही, बोगदा हवा. हजारो प्रकाशवर्षं लांब, सरळसोट, आणि त्याचं तोंड बरोबर आपल्याकडे. एखादा बोगदा योगायोगाने आपल्याकडे रोखलेला असेल, पण असे शेकडो? सगळे आपल्याचकडे? आपण एवढे कोण लागून गेलो?

आता पुरावा. भोकाची कड असेल तर तिथले तारे आहेत तसे दिसतील आणि पुढे एकदम संपतील. ढगाची कड असेल तर आत जावं तसे तारे फिके होत जातील आणि लालसर होत जातील, कारण बारीक धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लाल कमी, इन्फ्रारेड अजून कमी. आणि नेमकं तसंच दिसतं. भुजंगधारी तारकासमूहात बार्नार्ड ६८ नावाचा एक छोटा ढग आहे, अर्धं प्रकाशवर्ष रुंद, आपल्यापासून साधारण ५०० प्रकाशवर्षांच्या आत-बाहेर. साध्या फोटोत तो इतका काळा आहे की कोणीतरी शाई सांडल्यासारखी. तो जवळ आहे म्हणून मधे पुढचा एकही तारा येत नाही, त्यामुळे डाग एकदम कोरा. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींनी त्याच जागेचा फोटो २.२ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये काढला आणि मागचे तारे ढगातून आरपार दिसले! २००१ मध्ये आल्व्हेस आणि लाडा द्वयीने त्यातल्या एकेका ताऱ्याची लाली मोजून ढगात कुठे किती धूळ आहे त्याचा नकाशाच काढला. भोकात मागचे तारे आले असते का?

शंकासुर:
बोगद्याचा मुद्दा मान्य. इन्फ्रारेडचाही मान्य. हरलो 🙏 पण पुढचा प्रश्न तयार आहे. हे ढग दाट म्हणता, किती दाट?

भौतिकीवाली:
इथेच खरी मजा आहे. दाट वगैरे काही नाही! बी ६८ च्या मध्यभागी एका घनसेंटिमीटरमध्ये लाखाच्या घरात रेणू असतील. आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत साधारण २५ वर १८ शून्यं इतके. प्रयोगशाळेतला बऱ्यापैकी व्हॅक्यूमसुद्धा त्या ढगापेक्षा दाट भरेल. त्या ढगाच्या आत जाऊन उभं राहिलात तर समोर धरलेला हात छान दिसेल (उजेड असता तर).

मग काळा का? कारण जाडी. अर्धं प्रकाशवर्ष म्हणजे जवळपास ५ लाख कोटी किलोमीटर. मी मागे वहीवर गणित केलं होतं ते परत करून बघितलं. बी ६८ च्या मधून आरपार जाणारी एक चौरस सेंटिमीटरची नळी कल्पना करा, त्यातला सगळा वायू दाबून आपल्या हवेइतका दाट केला तर नळी उरते फक्त १०-१२ मीटर! वजन ग्रॅमच्या आठव्या भागाएवढं. धूळ त्याच्या १ टक्का, म्हणजे एक-सव्वा मिलिग्रॅम. बस्स, एवढ्या धुळीने मागच्या ताऱ्यांचा प्रकाश सुमारे ३० प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायची पट्टी) कमी केलाय, म्हणजे एक लाख कोटी पट!

पण कण बघा ना केवढे, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. धुरातल्या कणांसारखे, सिलिकेट आणि कार्बनचे, आतल्या थंडीत वर बर्फाचं आवरण. एवढ्या बारीक कणांची सव्वा मिलिग्रॅम धूळ एका चौरस सेंटिमीटरवर पसरली तर कणांचे काही डझन थर होतात. एकेका थरातून जाताना प्रकाश निम्म्याहून कमी होत गेला तर आणखी काय होणार. तीच धूळ एका वाळूच्या खड्यात गोळा केली असती तर मागचा एकही तारा झाकला गेला नसता.

२.२ मायक्रॉनला मात्र तीच धूळ साधारण ३ प्रतीच अडवते, विसेक पट. म्हणून आरपार दिसतं.

काजवा:
हे गणित आवडलं, दंडवत घ्या.

अवांतर: धूळ फक्त या डागांपुरती नाही, विरळ स्वरूपात सगळीकडे आहे, हे १९३० मध्ये ट्रंपलरने दाखवलं. लांबचे तारकागुच्छ आकाराच्या हिशोबाने जेवढे तेजस्वी दिसायला हवेत त्यापेक्षा फिके निघाले. त्याआधी केलेली आकाशगंगेची मोजमापं त्यामुळे बरीच दुरुस्त करावी लागली.

दुर्बीणवाला:
अवांतरात भर. नुसत्या डोळ्यांनी सुद्धा बघा, हंसापासून धनूपर्यंत आकाशगंगा उभी चिरल्यासारखी दोन धारांत दिसते, मधला काळा पट्टा ही सगळी धूळच. दक्षिणेला त्रिशंकूच्या शेजारी कोलसॅक नावाचा काळा ढग आहे, सुमारे ६०० प्रकाशवर्षांवर. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांनी कोलसॅकला डोकं धरून काळ्या पट्ट्यातच एमू पक्षी बघितला. आपण ताऱ्यांना रेघा जोडतो, त्यांनी अंधारालाच आकार दिला.

चष्मिष्ट:
धागा वाचतोय. पण एक तक्रार. हे जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचे इन्फ्रारेड फोटो येतात ना, निळे काय, नारिंगी काय, ते सगळे रंग खोटे असतात. इन्फ्रारेडला रंगच नसतो. म्हणजे रंगवलेलं चित्रच झालं, विज्ञान कसलं त्यात?

भौतिकीवाली:
खोटे नाहीत, भाषांतर आहे. वेगवेगळ्या फिल्टरमधून काळे-पांढरे फोटो निघतात, त्यातल्या छोट्या तरंगलांबीला निळा द्यायचा, मोठ्या तरंगलांबीला लाल. क्रम तोच राहतो. गाण्याची पट्टी खाली आणली म्हणून सूर बेसूर होत नाही. वृषभेतल्या एल १५२७ या काळ्या ढगाचा वेबचा फोटो बघा, नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. वाळूच्या घड्याळासारखा आकार, एका ठिकाणी निळा, एका ठिकाणी नारिंगी. नारिंगी आहे तिथे धूळ जास्त जाड, छोट्या तरंगलांबी अडकल्यात. रंगानेच धूळ मोजता येते की!

आणि त्या घड्याळाच्या बरोबर कमरेत एक काळी आडवी रेघ आहे ना, ती तबकडीची सावली. साधारण आपल्या सूर्यमालेएवढी तबकडी, आपल्याला कडेने दिसते. तिच्या मधोमध आदितारा, म्हणजे अजून पुरता न घडलेला तारा, वय जेमतेम १ लाख वर्षं. तो स्वतः त्या फोटोतही दिसत नाही, त्याचा उजेड वरून खालून निसटून धुळीवर पडलाय तेवढाच दिसतो.

चष्मिष्ट:
बरं. रंगाचं मागे घेतो. 'खोटे' हा शब्द तरी.

ढगाळ:
मला बेसिक प्रश्न आहे, हसू नका. हे ढग उणे २६० अंश वगैरे थंड असतात असं वाचलंय. तारा म्हणजे आग. मग एवढ्या गारठ्यात तारा जन्मतो कसा? उलट गरम जागी व्हायला पाहिजे ना?

भौतिकीवाली:
हसत कोण नाही, मलाही कॉलेजात हे उलटंच वाटलं होतं.

तारा व्हायला वायू स्वतःच्या वजनाने कोसळायला हवा. वायू गरम असेल तर त्याचा दाब त्याला फुगवून धरतो, कोसळू देत नाही. थंड झाला की दाब पडतो आणि गुरुत्वाकर्षण जिंकतं. किती वस्तुमान कोणत्या तापमानाला कोसळेल हा हिशोब जेम्स जीन्सने १९०२ मध्येच मांडला होता. धूळ इथे पडद्यासारखं काम करते, बाहेरच्या ताऱ्यांचा उजेड आत येऊ देत नाही, आतला वायू कार्बन मोनॉक्साइडसारख्या रेणूंतून मिलिमीटर लहरींमध्ये उष्णता बाहेर टाकत राहतो, आणि तापमान १० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे उणे २६३ ला जाऊन बसतं. जी धूळ आपल्याला अडचण वाटते तिच्याचमुळे आत तारा होऊ शकतो!

एकदा कोसळायला लागला की मग तापतो. जरासा फिरत असतो तो आकसताना जोरात फिरायला लागतो, सगळं सरळ मध्यात पडत नाही, तबकडी होते, आणि दोन्ही ध्रुवांकडून वायूचे फवारे सुटतात. ते फवारे ढग फोडून बाहेर आदळतात तिथे चमकणाऱ्या गाठी दिसतात, त्यांना हर्बिग-हारो म्हणतात. आत कोण बसलंय ते दिसत नसलं तरी गाठींवरून पत्ता लागतो.

शंकासुर:
आणि या कहाणीतला एकही टप्पा कोणी घडताना बघितलेला नाही, कारण लाखो वर्षं लागतात. बरोबर? सगळं वेगवेगळ्या ढगांचे फोटो ओळीने लावून केलेलं अनुमान.

दुर्बीणवाला:
बहुतेक बरोबर, पण पूर्ण नाही. मृगात एफयू ओरायनिस नावाचा तरुण तारा आहे, एका काळ्या ढगाशीच जोडलेला. १९३६-३७ मध्ये तो वर्षभरात शंभराहून जास्त पट तेजस्वी झाला आणि अजून पूर्ण उतरलेला नाही. तबकडीतला माल एकदम ताऱ्यावर ओतला गेला असं मानतात. तरुण तारे शांतपणे वाढत नाहीत, आचके देत वाढतात.

आणि हौशी लोकांसाठी सांगतो. जानेवारी २००४ मध्ये जे मॅक्नील नावाच्या हौशी निरीक्षकाने ३ इंची दुर्बिणीतून मृगातल्या एम ७८ जवळचा फोटो काढला, त्यात एक तेजोमेघ सापडला जो नकाशात नव्हताच! ढगातला एक तरुण तारा भडकला होता आणि त्याच्या उजेडाने आजूबाजूची धूळ उजळली होती. काही वर्षांनी तो मावळला, परत उजळला, परत मावळला. ३ इंच! निशाचरांच्या लेन्सपेक्षा काही फार मोठं नाही ते.

अजून एक, हबलचा बदलता तेजोमेघ, एनजीसी २२६१. तिथे आर मॉनोसेरॉटिस हा तारा धुळीत बुडालेला आहे, त्याच्याजवळून धुळीचे पुंजके जातात आणि त्यांच्या सावल्या तेजोमेघावर सरकतात, आठवड्याआठवड्यात आकार बदलतो. माझ्या ८ इंचीतून दोन महिन्यांच्या अंतराने काढलेले फोटो आहेत, फरक कळतो. एवढ्या प्रचंड गोष्टीत एवढ्या लवकर फरक दिसतो यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता, तीनदा तारखा तपासल्या.

निशाचर:
बापरे, एका डागावरून कुठे पोचलो! सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझा मूळ स्वार्थी प्रश्न. माझ्या 'ई' मध्ये कोणी तारा लपलाय का?

भौतिकीवाली:
प्रत्येक काळ्या ढगात तारा असतोच असं नाही. बार्ट बोक यांनी १९४७ मध्ये असे छोटे गोल ढग म्हणजे ताऱ्यांचे कोष असावेत असं सुचवलं, पण तेव्हा आत बघायची सोयच नव्हती. बी ६८ मध्ये अजून कोणी नाही, ढग कोसळायच्या उंबरठ्यावर आहे असं दिसतं. आणि 'रिकामा आहे' हे म्हणणंही जपून करावं लागतं. हंसेतला एल १०१४ हा ढग रिकामा म्हणून ओळखला जायचा, २००४ मध्ये स्पिट्झर या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीने बघितलं तर आत मिणमिणता आदितारा.

'ई' बद्दल छातीठोक सांगणार नाही. पण तुमच्या फ्रेमबद्दल सांगते. १३५ एमएम, श्रवण मधे, म्हणजे आजूबाजूला पाच-सात अंश आलेत ना? मग 'ई' पासून साधारण साडेतीन अंश दक्षिणेला बघा. श्रवणापासूनही जवळपास तेवढ्याच अंतरावर, पश्चिमेला आणि किंचित खाली. तिथे बी ३३५ असायला हवा. एकटाच छोटासा ढग, सुमारे ५०० प्रकाशवर्षांवर. १९८३ मध्ये फार-इन्फ्रारेडमध्ये त्याच्या पोटात उष्णता सापडली आणि १९९३ मध्ये वायू आतल्या ताऱ्याकडे पडत असल्याच्या खुणा रेडिओ लहरींत दिसल्या. पडत असलेला वायू इतका स्पष्ट दाखवणारे ढग तेव्हा फारसे माहीतच नव्हते.

निशाचर:
थांबा थांबा. लॅपटॉप उघडतो.

काजवा:
स्ट्रेच (फोटोतला अंधुक भाग उजळवणं) जास्त करू नका, नाहीतर सगळीकडेच काळे डाग दिसायला लागतील, अनुभवाचे बोल.

ढगाळ:
😂

निशाचर:
तासभर शोधतोय. साधारण सांगितलेल्या जागी तीन काळे ठिपके आहेत. एक लांबट, दोन गोलसर. गोलातला एक साधारण ३० पिक्सेलचा आहे, दुसरा अगदीच बारका, तो कदाचित नुसती ताऱ्यांमधली फट असेल.

भौतिकीवाली:
निर्देशांक देते, विषुवांश १९ तास ३७ मिनिटं, क्रांती अधिक ७ अंश ३४ मिनिटं. फोटो प्लेट सॉल्व्ह करून (म्हणजे ताऱ्यांवरून फोटोतल्या जागांचे निर्देशांक काढून) कर्सर तिथे न्या.

निशाचर:
केलं. ३० पिक्सेलवालाच! पहिल्या दिवशी एडिट करताना मी हा ठिपका धूळ समजून हीलिंग ब्रशने पुसून टाकला होता. मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचलो.

शंकासुर:
धूळच होती की ती. मूळ फाइल इथे चिकटवा, मलाही बघायचाय.